संबंध आहे, पण किती? काय-वर्ग चाचणीनंतर परिणामाचे आकारमान कसे मोजावे

हापूसचा साका बाहेरून दिसत नाही. साल नितळ असते, देठापाशी घमघमाट असतो, आणि सुरी फिरवल्यावर कोयीलगत फिकट, पोकळ, आंबूस गर निघतो. म्हणून साक्याबद्दल काही ठामपणे सांगायचे असेल तर फळे कापून मोजावी लागतात, आणि मोजलेले प्रत्येक फळ नोंदवहीत दोनच प्रकारे उतरते: साका आहे, किंवा साका नाही. वजनासारखी किंवा गोडीच्या अंशासारखी सलग संख्या येथे मिळत नाही. अशा नोंदींना गुणात्मक माहिती म्हणतात, आणि दोन गुणांचा एकमेकांशी संबंध आहे का हे पाहण्यासाठी आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी काय-वर्ग चाचणी वापरतात.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी असाच अभ्यास घेऊन माझ्याकडे आली होती. काढणीनंतर सावलीत ठेवलेले आंबे आणि उन्हात कातळावर तसेच पडू दिलेले आंबे यांच्यात साक्याचे प्रमाण वेगळे असते का, हा तिचा प्रश्न होता. चाचणी बरोबर केली होती आणि निष्कर्ष एका ओळीत होता: पी-मूल्य (संबंध नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी, म्हणून संबंध लक्षणीय आहे. हाच निष्कर्ष तिने घरी आपल्या काकांना वाचून दाखवला, तेव्हा काका म्हणाले होते, ‘ता सगळा खरा, पण पेटयेत किती आंबे वाचतले, ता सांग.’ अहवालात त्याचे उत्तर नव्हते. काकांनी विचारलेला प्रश्न हा संख्याशास्त्रात ज्याला इफेक्ट साइज, म्हणजे परिणामाचे आकारमान म्हणतात, त्याचाच प्रश्न होता, आणि माझ्या मते चाचणीपेक्षा तोच प्रश्न मोठा आहे. तो कसा सोडवायचा हे येथे पायरीपायरीने मांडतो. पुढच्या तक्त्यांतले आकडे कोणत्याही पाहणीतले नाहीत. हिशेब कागदावर हाताने करून पाहता यावा म्हणून मी ते सोयीचे घेतले आहेत.

तक्ता मांडणे आणि काय-वर्ग काढणे

समजा २०० फळे घेतली. त्यांतली १०० काढल्याबरोबर सावलीत ठेवली आणि १०० दुपारभर उन्हात राहिली. पिकल्यावर सगळी कापली.

| ठेवण्याची जागा | साका आहे | साका नाही | एकूण |
|---|---|---|---|
| सावली | १२ | ८८ | १०० |
| ऊन | २८ | ७२ | १०० |
| एकूण | ४० | १६० | २०० |

जागेचा आणि साक्याचा काहीच संबंध नसता तर प्रत्येक घरात किती फळे आली असती, ही अपेक्षित संख्या आधी काढावी. त्यासाठी त्या घराच्या आडव्या ओळीची बेरीज आणि उभ्या रकान्याची बेरीज यांचा गुणाकार करून त्याला एकूण संख्येने भागावे. सावलीतल्या साक्याच्या घरासाठी १०० गुणिले ४० भागिले २००, म्हणजे २० येतात. दोन्ही ओळी सारख्याच असल्याने साक्याच्या दोन्ही घरांत २० आणि साका नसलेल्या दोन्ही घरांत ८० ही अपेक्षा ठरते. प्रत्यक्ष संख्या अपेक्षेपासून चारही घरांत ८ ने दूर आहे. प्रत्येक घरातल्या फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित संख्येने भागले आणि सगळ्यांची बेरीज केली की काय-वर्ग मिळतो: ६४ भागिले २० दोनदा, म्हणजे ६.४, आणि ६४ भागिले ८० दोनदा, म्हणजे १.६. बेरीज ८.० येते. स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे ओळींतून एक आणि रकान्यांतून एक वजा करून केलेला गुणाकार, येथे १ आहे, आणि तेव्हा याचे पी-मूल्य सुमारे ०.००५ आहे.

येथपर्यंत सगळे जण येतात. कार्ल पिअर्सनने १९०० साली ही चाचणी मांडली तेव्हापासून ती इतकी रुळली आहे की तिचे उत्तर मिळाले म्हणजे काम संपले असे वाटते. परंतु काय-वर्गाचा ८ हा आकडा संबंध किती घट्ट आहे ते सांगत नाही, कारण त्यात संबंधाचा जोर आणि नमुन्याचा आकार या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. याच तक्त्यातले प्रत्येक घर दहापट करा. २,००० फळे होतील, सावलीत साका १२ टक्के आणि उन्हात २८ टक्के हेच प्रमाण राहील, आंब्याच्या गुणात काडीचाही बदल होणार नाही, आणि काय-वर्ग मात्र ८० होईल.

याच्या उलट बाजू अधिक फसवी आहे. एखाद्या मोठ्या पॅकहाउसने २०,००० फळांची नोंद ठेवली, त्यांतल्या सावलीतल्या १०,००० पैकी १,९३० फळांत आणि उन्हातल्या १०,००० पैकी २,०७० फळांत साका निघाला, असे धरा. प्रमाण १९.३ टक्के आणि २०.७ टक्के. काय-वर्ग ६.१२५ येतो, पी-मूल्य सुमारे ०.०१३ येते, आणि अहवालात ‘लक्षणीय संबंध’ असे शब्द उमटतात. शंभर फळांमागे दीड फळाचाही फरक नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला वाटते की सावलीचा मंडप घातला नाही तर हंगाम बुडाला. पी-मूल्य फक्त इतकेच विचारते की संबंध मुळीच नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने कितपत दिसला असता. फरक केवढा आहे हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

दोन गुणिले दोन तक्त्यासाठी फाय

नमुन्याच्या आकाराचा प्रभाव काढून टाकण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे काय-वर्गाला एकूण संख्येने भागणे आणि वर्गमूळ काढणे. या मापाला फाय गुणांक म्हणतात.

फाय = √(काय-वर्ग ÷ एकूण संख्या)

आपल्या पहिल्या तक्त्यात ८ भागिले २०० म्हणजे ०.०४, आणि त्याचे वर्गमूळ ०.२०. दहापट केलेल्या तक्त्यात ८० भागिले २,०००, म्हणजे पुन्हा ०.०४ आणि पुन्हा ०.२०. संबंध तोच, म्हणून माप तेच. पॅकहाउसच्या तक्त्यात मात्र ६.१२५ भागिले २०,००० चे वर्गमूळ केवळ ०.०१७५ येते. दोन्ही ठिकाणी पी-मूल्य ०.०५ च्या खाली असले तरी एका ठिकाणचा संबंध दुसऱ्याच्या अकरापटीहून अधिक आहे, आणि हे फायशिवाय दिसले नसते.

फाय शून्य असेल तर संबंध नाही आणि एक असेल तर संबंध पूर्ण आहे, असे पाठ्यपुस्तकात वाचायला मिळते. ते खरे आहे, परंतु त्यात एक अट दडलेली आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. फाय एकपर्यंत पोहोचू शकेल की नाही हे तक्त्याच्या कडेच्या बेरजांवर अवलंबून असते. आपल्या तक्त्यात एकूण साका ४० फळांत आहे आणि उन्हातली फळे १०० आहेत. साक्याची सगळीच्या सगळी ४० फळे उन्हातली निघाली आणि सावलीत एकही निघाले नाही, अशी टोकाची स्थिती कल्पून पाहा. प्रत्येक घरात अपेक्षेपासूनचा फरक २० होईल, काय-वर्ग ५० होईल, आणि फाय येईल ५० भागिले २०० चे वर्गमूळ, म्हणजे ०.५०. या बेरजा कायम ठेवून याहून घट्ट संबंध शक्यच नाही. तेव्हा आपले ०.२० हे एकपैकी ०.२० असण्यापेक्षा ०.५० पैकी ०.२० आहे असे वाचणे अधिक प्रामाणिक ठरते. मी विद्यार्थ्यांना फायच्या शेजारी हे कमाल मूल्यही लिहायला सांगतो; ते काढायला पाच मिनिटे लागतात आणि वाचणाऱ्याचा मोठा गैरसमज टळतो.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर: फरक, गुणोत्तर आणि ऑड्स रेशो

फाय हे तुलनेचे माप आहे. ते घेऊन बागेत गेलात तर कोणाला काही कळणार नाही. दोन गुणिले दोन तक्ता असेल तर त्यासोबत प्रमाणातला फरक द्यावाच. २८ टक्के वजा १२ टक्के, म्हणजे १६ टक्के-बिंदूंचा फरक. पाच डझनांच्या पेटीत ६० आंबे बसतात. उन्हात राहिलेल्या मालाच्या पेटीत सरासरी १७ च्या आसपास साक्याचे आंबे निघतील, सावलीतल्या पेटीत ७ च्या आसपास, आणि पेटीमागे साधारण साडेनऊ आंबे वाचतील. हेच काकांनी विचारले होते.

पण हा साडेनऊचा आकडाही एका नमुन्यातून आलेला आहे, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना विश्वास-मर्यादा लिहाव्या लागतात. प्रत्येक गटातल्या प्रमाणाला त्याच्या उरलेल्या प्रमाणाने गुणून गटातल्या फळांच्या संख्येने भागावे, दोन्ही उत्तरांची बेरीज करून वर्गमूळ काढावे आणि ते १.९६ ने गुणावे. येथे ०.१२ गुणिले ०.८८ भागिले १०० आणि ०.२८ गुणिले ०.७२ भागिले १०० यांची बेरीज ०.००३०७२, तिचे वर्गमूळ ०.०५५४, आणि १.९६ पट केल्यावर ०.१०९. म्हणजे ९५ टक्के विश्वासाने खरा फरक सुमारे ५ ते २७ टक्के-बिंदूंच्या दरम्यान आहे. पेटीच्या भाषेत तीन आंब्यांपासून सोळा आंब्यांपर्यंत. मंडपाचा खर्च तीन आंब्यांत निघतो का, हे बागायतदार स्वतः ठरवील. त्याला ही खालची मर्यादा न सांगता फक्त साडेनऊचा आकडा सांगणे मला बरोबर वाटत नाही.

याखेरीज दोन गुणोत्तरे वापरात आहेत. प्रमाणांचे गुणोत्तर, म्हणजे २८ भागिले १२, २.३३ येते, उन्हातल्या फळात साका निघण्याची जोखीम सावलीतल्या फळाच्या सव्वादोन पटींहून थोडी अधिक आहे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ऑड्स रेशो मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात प्रत्येक गटात साक्याची फळे आणि बिनसाक्याची फळे यांचे आपसातले गुणोत्तर घेऊन मग त्या दोन गुणोत्तरांची तुलना होते. उन्हात २८ ला ७२, सावलीत १२ ला ८८. तिरका गुणाकार केला की (२८ गुणिले ८८) भागिले (७२ गुणिले १२), म्हणजे २.८५. या आकड्याला ‘साक्याची शक्यता २.८५ पट’ असे म्हणणे चूक आहे, आणि ही चूक मी प्रबंधांत वारंवार पाहतो. पट सांगायची असेल तर २.३३ सांगावी. घटना फार विरळ असेल, शंभरांत एखादीच, तर ही दोन्ही गुणोत्तरे जवळजवळ सारखी येतात. साक्यासारखी पाचांतल्या एका फळात घडणारी गोष्ट असेल तर ती दूर जातात.

मग ऑड्स रेशो का काढायचा? कारण आधी साक्याची आणि बिनसाक्याची फळे निवडून मग मागे जाऊन ती कुठे ठेवली होती असे विचारले, तरी तो बदलत नाही, आणि पुढे लॉजिस्टिक समाश्रयणात, म्हणजे हो-नाही अशा उत्तराचा अनेक घटकांवरून अंदाज बांधण्याच्या पद्धतीत, तोच भेटतो. त्याच्या विश्वास-मर्यादा त्याच्या नैसर्गिक लॉगरिदमवर काढतात. चारही घरांचे व्यस्तांक, म्हणजे १ भागिले २८, १ भागिले ७२, १ भागिले १२ आणि १ भागिले ८८, यांची बेरीज ०.१४४३ येते; तिचे वर्गमूळ ०.३८०. ऑड्स रेशोचा लॉगरिदम १.०४८ आहे. त्यात ०.३८० ची १.९६ पट मिळवून आणि वजा करून, मग दोन्ही टोके घातांकाने परत फिरवली की १.३५ ते ६.०० ही मर्यादा मिळते. मर्यादा २.८५ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नाहीत, हे पाहून काही विद्यार्थी आपले गणित चुकले असे समजतात. चुकलेले नसते, गुणोत्तराच्या मापात असेच व्हायला हवे.

एखादे घर शून्य निघाले तर हा हिशेब अडतो. हे आपल्याकडे अगदी सहज घडू शकते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली रत्ना ही जात साका नसण्यासाठीच ओळखली जाते, तेव्हा हापूस आणि रत्ना यांची तुलना केली तर रत्नाच्या ओळीत साक्याचे घर शून्य येईल आणि ऑड्स रेशो अनंत होईल. अशा वेळी चारही घरांत ०.५ मिळवून हिशेब करण्याची जुनी रीत आहे. ती वापरल्यास तसे स्पष्ट लिहावे, आणि अशा तक्त्यात मी तरी प्रमाणातला फरकच पुढे ठेवीन.

मोठा तक्ता: क्रेमरचा व्ही

दोनांपेक्षा अधिक ओळी आणि रकाने असले की ऑड्स रेशोसारखे एकच गुणोत्तर काढता येत नाही, आणि फाय एकच्या वर जाऊ शकतो. स्वीडनचे गणितज्ञ हाराल्ड क्रेमर यांनी १९४६ साली सुचवलेला व्ही हा गुणांक येथे उपयोगी पडतो. काय-वर्गाला एकूण संख्येने भागायचे, शिवाय ओळी आणि रकाने यांपैकी जी संख्या लहान असेल तिच्यातून एक वजा करून त्यानेही भागायचे, आणि मग वर्गमूळ काढायचे. समजा ३०० बागायतदारांना त्यांचा बहुतांश माल कुठे जातो असे विचारले आणि बागेच्या आकारानुसार नोंदी मांडल्या.

| बाग | वाशी बाजार | थेट ग्राहक | कॅनिंग | एकूण |
|---|---|---|---|---|
| लहान | ४० | २० | ४० | १०० |
| मध्यम | ५० | २० | ३० | १०० |
| मोठी | ६० | ३५ | ५ | १०० |
| एकूण | १५० | ७५ | ७५ | ३०० |

प्रत्येक ओळीत अपेक्षित संख्या ५०, २५ आणि २५ आहेत. लहान बागांच्या ओळीतून काय-वर्गात १२ येतात, मध्यममधून २ आणि मोठ्यांमधून २२. एकूण ३६, स्वातंत्र्य मात्रा ४. ओळी तीन आणि रकानेही तीन, म्हणून ३६ ला ३०० गुणिले २, म्हणजे ६०० ने भागायचे; ०.०६ चे वर्गमूळ ०.२४५. हा व्ही.

आता ०.२४५ लहान की मोठा? जेकब कोहेन यांनी डब्ल्यू या मापासाठी ०.१ लहान, ०.३ मध्यम आणि ०.५ मोठा असे टप्पे दिले, आणि ते सगळीकडे व्हीला जसेच्या तसे चिकटवले जातात. येथेच घोटाळा होतो. डब्ल्यू काढताना काय-वर्गाला फक्त एकूण संख्येने भागतात. आपल्या तक्त्यात तो ३६ भागिले ३०० चे वर्गमूळ, म्हणजे ०.३४६ येतो. व्ही त्याहून लहान असतो, कारण त्यात आणखी एक भागाकार आहे. तीन गुणिले तीन तक्त्यात व्हीसाठी तेच टप्पे २ च्या वर्गमूळाने भागून घ्यावे लागतात, आणि ते सुमारे ०.०७, ०.२१ आणि ०.३५ असे उतरतात. त्या हिशेबाने ०.२४५ मध्यमाच्या थोडे वर आहे. सरसकट टप्पे लावणाऱ्याने त्याला मध्यमाच्या खाली बसवले असते. खुद्द कोहेन यांनी हे टप्पे दुसरा काही आधार नसेल तेव्हाच वापरावेत असे सांगितले होते. तुमच्याच विषयातल्या आधीच्या अभ्यासांचे व्ही समोर असतील तर तुलना त्यांच्याशी करावी.

व्ही एकच आकडा आहे आणि संबंध तक्त्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक घराचा समायोजित शेष काढावा. प्रत्यक्ष वजा अपेक्षित हा फरक घ्यायचा. अपेक्षित संख्येला ‘एक वजा ओळीचे प्रमाण’ आणि ‘एक वजा रकान्याचे प्रमाण’ यांनी गुणून वर्गमूळ काढायचे. आणि फरकाला त्याने भागायचे. मोठ्या बागा आणि कॅनिंग या घरात फरक वजा २० आहे, आणि २५ गुणिले दोन-तृतीयांश गुणिले तीन-चतुर्थांश म्हणजे १२.५, ज्याचे वर्गमूळ ३.५४. शेष वजा ५.६६ आला. लहान बागा आणि कॅनिंगच्या घरात तो अधिक ४.२४ आहे. मध्यम बागांच्या ओळीतला एकही शेष १.४१ च्या पुढे जात नाही. साधारणपणे २ च्या आतले शेष सोडून द्यावेत, आणि घरे पुष्कळ असतील तर ३ ची मर्यादा धरावी. तेव्हा या तक्त्याचा गाभा एका वाक्यात असा मांडता येतो: मोठ्या बागांचा माल कॅनिंगला जवळजवळ जात नाही आणि लहान बागांचा बराच जातो. मला अहवालात व्हीच्या आकड्याहून हे वाक्य अधिक मोलाचे वाटते, मात्र व्हीशिवाय ते किती गंभीरपणे घ्यायचे हे कळत नाही, म्हणून दोन्ही हवीत.

लॅम्डा नावाचे आणखी एक माप संगणक व्हीच्या शेजारीच छापतो आणि त्यावरून गोंधळ होतो, म्हणून त्याबद्दल सांगून ठेवतो. बागेचा आकार माहीत नसताना प्रत्येकाचा माल वाशीला जातो असा अंदाज केला तर १५० वेळा चूक होईल. आकार माहीत असताना प्रत्येक ओळीतला सर्वांत मोठा रकाना धरला तर चुका ६०, ५० आणि ४०, म्हणजे पुन्हा १५०. अंदाज जराही सुधारला नाही, म्हणून लॅम्डा शून्य येतो, आणि विद्यार्थी विचारतो की व्ही ०.२४५ असताना हा शून्य कसा. दोन्ही बरोबर आहेत. लॅम्डा फक्त सर्वांत मोठ्या रकान्याचा अंदाज बदलतो का एवढेच पाहतो, आणि एकच रकाना सगळीकडे वरचढ असला की त्याला बाकीची हालचाल दिसत नाही.

लहान नमुना आणि फुगलेला व्ही

गावातल्या चाळीस कुटुंबांची पाहणी करून पाच ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता मांडणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. अशा तक्त्यात मुळीच संबंध नसला तरी काय-वर्ग सरासरीने स्वातंत्र्य मात्रेइतका, म्हणजे सुमारे १२ येतो. १२ ला ४० गुणिले ३ ने भागा, ०.१ चे वर्गमूळ ०.३२. शून्य संबंधातून ०.३२ इतका व्ही! तो पाहून कोणीही प्रबंधात ‘मध्यम ते दृढ संबंध’ लिहून मोकळा होईल. यावर विच्हर बर्गस्मा यांनी २०१३ साली दिलेली दुरुस्ती वापरावी. काय-वर्ग भागिले एकूण संख्या या राशीतून, स्वातंत्र्य मात्रेला एकूण संख्या वजा एक याने भागून आलेली राशी वजा करतात, उत्तर ऋण आले तर शून्य धरतात, आणि ओळी व रकान्यांच्या संख्यांतही किंचित घट करतात. आपल्या ३०० बागायतदारांच्या तक्त्यात ०.१२ मधून ४ भागिले २९९ वजा होऊन ०.१०६६ उरतात, आणि दुरुस्त व्ही ०.२३ येतो, ०.२४५ हून फार दूर नाही. चाळीस कुटुंबांच्या तक्त्यात मात्र ही दुरुस्ती सगळे चित्र पालटू शकते. शिवाय तेथे अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेलेली घरे पाचांत एकाहून अधिक असतील तर काय-वर्गावरच भरवसा ठेवू नये. शेजारचे गट अर्थ पाहून एकत्र करावेत किंवा लहान संख्यांवरही चालणारी फिशरची अचूक चाचणी घ्यावी.

संगणकाने दिलेला आकडा

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीत क्रॉसटॅबच्या (दोन गुणांच्या तक्त्याच्या) पर्यायांत फाय आणि क्रेमरचा व्ही यांच्यावर खूण करावी लागते. तशी केली नाही तर ते छापले जात नाहीत. एक्सेलमधले काय-वर्ग चाचणीचे सूत्र थेट पी-मूल्य देते आणि काय-वर्ग देत नाही, म्हणून तेथे अपेक्षित संख्यांचा तक्ता बाजूला मांडून बेरीज स्वतः करावी. आर आणि पायथन या संगणक-भाषांबाबत एक खाच माहीत असायला हवी, कारण मी स्वतः त्यात एक पूर्ण संध्याकाळ घालवली आहे. दोन गुणिले दोन तक्त्यावर दोन्हींतली नेहमीची काय-वर्ग चाचणी न विचारता येट्सची दुरुस्ती लावते, म्हणजे प्रत्येक फरकातून ०.५ कमी करते. आपल्या आंब्यांच्या तक्त्यात फरक ८ ऐवजी ७.५ होतो, काय-वर्ग ८ ऐवजी ७.०३ होतो, आणि त्यावरून काढलेला फाय ०.२० ऐवजी ०.१८७५ येतो. येट्सची दुरुस्ती पी-मूल्यासाठी आहे. परिणामाचे आकारमान काढताना ती बंद करूनच काय-वर्ग घ्यावा.

एका झाडाचे वीस आंबे

वरचा सगळा हिशेब प्रत्येक फळ स्वतंत्र आहे असे धरतो. बागेत ते तसे नसते. एका कलमाची फळे एकमेकांसारखी असतात, आणि २०० फळे दहाच कलमांवरून आली असतील, त्यांतल्या पाच कलमांची सगळी फळे सावलीत आणि पाच कलमांची सगळी उन्हात ठेवली असतील, तर आपल्याजवळ २०० स्वतंत्र नोंदी नाहीत. एका कलमावरच्या फळांतले साम्य ०.०५ इतके बारीक धरले तरी, वीस फळांच्या गटासाठी एक अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ हा भाजक येतो. काय-वर्ग ८ वरून ४.१ वर येतो, पी-मूल्य ०.०४ च्या वर सरकते, आणि ऑड्स रेशोची मर्यादा १.३५ ते ६.०० ऐवजी सुमारे १.०१ ते ८.०७ होते. फाय ०.२० च राहतो; फरकाचे आकारमान बदलत नाही, त्यावरचा भरवसा निम्म्यावर येतो. यावर खरा उपाय झाडाखाली करायचा असतो. झेल्याने काढलेली प्रत्येक कलमाची फळे तेथल्या तेथे दोन भागांत वाटावीत, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात, आणि प्रत्येक फळावर कलमाचा क्रमांक घालावा. मग प्रत्येक कलमाचा वेगळा छोटा तक्ता मांडून मँटेल-हेन्झेल पद्धतीने एकच ऑड्स रेशो काढता येतो, आणि एक कलम दुसऱ्याहून वेगळे असण्याचा दोष त्यातून गळून जातो. कोणते फळ कोणत्या बाजूला जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवावे. काढणाऱ्या गड्याच्या हाताला मोठे फळ सावलीत ठेवायची सवय असते, आणि फळाच्या आकाराचा साक्याशी संबंध असेल तर तक्त्यातला सगळा फरक त्या सवयीचाच निघू शकतो.

अहवालात निष्कर्षाचे वाक्य मी त्या विद्यार्थिनीकडून शेवटी ज्या नमुन्याने लिहून घेतले, त्यात वरचे आकडे घातले तर ते असे होईल: ‘उन्हात ठेवलेल्या १०० फळांपैकी २८ आणि सावलीत ठेवलेल्या १०० फळांपैकी १२ फळांत साका आढळला, फरक १६ टक्के-बिंदू, ९५ टक्के विश्वास-मर्यादा ५ ते २७, काय-वर्ग ८.०, स्वातंत्र्य मात्रा १, येट्सची दुरुस्ती न लावता, पी-मूल्य ०.००५, फाय ०.२०, या बेरजांसाठी शक्य कमाल ०.५०; पाच डझनांच्या पेटीमागे साधारण साडेनऊ आंब्यांचा फरक, मर्यादा ३ ते १६.’ फळे किती कलमांवरून आली आणि ती कशी वाटली, हे त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात यायला हवे.